तुमचे प्रश्न: डबा स्वस्तात, पण पोटभर

शाळा सुरू झाल्यापासून डब्याचेच प्रश्न येतायत, त्यामुळे या वेळचं सदर सगळं डब्यालाच देतेय. बरेच प्रश्न सारखे होते म्हणून त्यातले पाच निवडलेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण ते लांबच द्यायला हवं होतं.

प्रश्न: मी अंबरनाथला राहते, सकाळी सातच्या आतली लोकल पकडते. मुलगा चौथीत, मुलगी आठवीत, मी आणि मिस्टर दोघं नोकरीला, म्हणजे रोज चार डबे. पावसाळ्यात भाज्यांचे भाव असे चढतात की अर्धा किलो फरसबी घेतानाही विचार करावा लागतो. आणि आठवड्यातनं दोन-तीनदा तरी डबा होतच नाही, मग मिस्टर कॅन्टीनमध्ये आणि मुलांच्या हातावर पैसे. खर्च कसा आवरू? आणि मुलांच्या पोटात नीट जातंय का हीपण काळजी आहेच.
— एक वाचक, अंबरनाथ

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचून मला असं वाटलं की फरसबीपेक्षा ते न झालेले डबेच तुम्हाला जास्त महाग पडतायत. चार माणसांनी एक दिवस बाहेर खाल्लं की आठवड्याची भाजी गेली. म्हणून आधी डबा रोज होईल असं काहीतरी बसवू आणि मग भाजीच्या भावाकडे बघू.

माझं सरळ मत आहे की पावसाळ्यात डब्याचा भार भाजीवर टाकूच नये, तो कडधान्यावर टाकावा. मटकी, मूग, चवळी, मसूर, हरभरा, आठवड्यातले निदान तीन दिवस यातलंच काहीतरी. हिशोब करून बघा. चौथीतल्या मुलाला कोरडी मटकी २५ ग्रॅम पुरते, आठवीतल्या मुलीला ३५, तुम्हा दोघांना प्रत्येकी ५०, म्हणजे चार डब्यांना मिळून १६० ग्रॅम. एक किलो मटकी चौघांना सहा दिवस जाते. तुमच्या दुकानात किलोचा जो काय भाव असेल त्याला सहाने भागा, तो एका दिवसाच्या चारही डब्यांच्या उसळीचा खर्च, वर फोडणीचं तेल आणि एक-दोन कांदे. फरसबीशी तुलना तुम्हीच करा.

आता पोषणाचं. शाळेत मिळणाऱ्या पोषण आहाराला सरकारनेच माप ठरवून दिलेलं आहे, पहिली ते पाचवीला एका जेवणात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं. घरच्या डब्यालाही हेच माप लावायला काहीच हरकत नाही. एका मध्यम पोळीत तीन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, २५ ग्रॅम मटकीत साधारण सहा. म्हणजे दोन पोळ्या आणि उसळ, मुलाचे बारा झाले. मुलीच्या तीन पोळ्यांचे नऊ, ३५ ग्रॅम मटकीचे आठ, आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा दाण्याची चटणी जरा सढळ हाताने घातली की तिचेही वीस होतात. पनीर नाही, महागाची पावडर नाही, काही नाही. दाणे आणि तेलातनं कॅलरीपण जातात, बरोबर एखादं केळं दिलंत की ती बाजूही बरीच भरून निघते.

मोड आणायचं बऱ्याच जणींना जमत नाही कारण पावसाळ्यात वास येतो, चिकट होतं. सकाळी निघताना मटकी भिजत टाका, संध्याकाळी आल्यावर पाणी पूर्ण निथळून, दोन पाण्यांनी धुऊन सुती फडक्यात बांधून ठेवा, सकाळपर्यंत मोड येतात. फडकं ओलं हवं, पण पाणी गळता कामा नये, साचलेल्या पाण्यानेच तो वास येतो. एकदम दोन वेळची करून अर्धी फ्रिजमध्ये ठेवली तर दोन दिवस छान राहते. आणि मोडाची मटकी कुकरला लावू नका, गाळ होतो. कढईत फोडणीवर परतून पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा, दहा-बारा मिनिटांत शिजते, मग मीठ, गूळ, गोडा मसाला. डब्यासाठी शेवटी दाण्याचं कूट घाला, ते सुटलेलं पाणी ओढून घेतं आणि उसळ कोरडी होते, दप्तरात सांडत नाही. ओलं खोबरं मात्र डब्याच्या उसळीत नको, दमट हवेत लवकर आंबतं.

उरलेल्या दिवशी डाळकांदा करा, हरभऱ्याची डाळ रात्री भिजवलेली असली की सकाळी पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. एक दिवस कोरडा झुणका. उन्हाळ्यात सांडगे केले असतील किंवा गावाहून आले असतील तर त्यांची भाजी करायचे दिवस हेच. आणि मग एक-दोन दिवस बाजारात जी भाजी स्वस्त दिसेल ती, दुधी, कोबी, लाल भोपळा, जे असेल ते, ठरवून जाऊ नका, बघून घ्या. रविवारी दाण्याची आणि कारळ्याची चटणी करून बरणीत भरून ठेवा. जवसाची थोडीच करा, ती लवकर खवट होते.

आणि एक सांगायचंच आहे मला. चार डबे एकटीने भरायचे, तेही सातच्या आत, हे मला पटत नाही. कणीक रात्री मळून फ्रिजमध्ये, कांदे रात्री चिरून, ही कामं मिस्टर करू शकतात. आठवीतली मुलगी स्वतःचा आणि भावाचा डबा भरू शकते. सकाळी तुमच्याकडे फोडणी आणि पोळ्या एवढंच राहिलं पाहिजे, तरच आठवड्याचे सहाही दिवस डबा होईल, नाहीतर मी कितीही मेनू लिहून दिले तरी गुरुवारी गाडी अडणारच.

प्रश्न: मी लातूरकडचा, चाकणला कंपनीत लागलोय, पहिलीच नोकरी. रूमवर तिघं आहोत, एक इंडक्शन, एक कुकर, एक कढई, फ्रिज नाही. मेसचा डबा परवडत नाही आणि रोज वडापाव खाऊन ॲसिडिटी झालीय. पोळ्या येत नाहीत. काय न्यावं?
— एक वाचक, चाकण

उत्तर: दादा, पोळ्या येत नसतील तर त्या विकत घे, त्यात काही कमीपणा नाही. तुमच्या भागात पोळीभाजी केंद्र असेलच, तिथे नुसत्या पोळ्या नगावर मिळतात. महाग असते ती भाजी, ती तू घरी कर. तिघांनी मिळून केलं तर अजून स्वस्त, एकाने कांदा चिरायचा, एकाने पोळ्या आणायच्या, एकाने कढई सांभाळायची.

इंडक्शनवर सगळ्यात सोपं म्हणजे झुणका. तेलात मोहरी, हळद, हिरवी मिरची, लसूण, भरपूर कांदा, तो मऊ झाला की वरून बेसन भुरभुरवत परतायचं, पाण्याचा हबका, झाकण, पाच मिनिटं. अंडी खात असशील तर भुर्जी, एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात आणि चांगलं जेवण त्याहून पटकन होणं अवघड आहे, फक्त ती सकाळीच करायची, रात्रीची नाही. सोयाबीनच्या वड्याही आणून ठेव, किराणा दुकानात सुट्या मिळतात, वाळलेल्या वड्यांत १०० ग्रॅमला ५० ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळून घ्यायच्या आणि कांदा-टोमॅटो-मसाल्यात परतायच्या. पिळल्या नाहीत तर वास राहतो आणि मग तुझे रूमवाले दुसऱ्यांदा खाणार नाहीत.

आता भाताबद्दल नीट वाच, कारण फ्रिज नाही म्हणतोस. रात्रीचा उरलेला भात सकाळी परतून डब्यात नेऊ नको. तांदळात एक जंतू असतो त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट होऊन तासन् तास बाहेर राहिला की ते वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. उलट्या-जुलाब होतात आणि आपण म्हणतो पाणी बाधलं. मुगाच्या डाळीची खिचडी न्यायची असेल तर सकाळी निघायच्या आधी कर, वाफाळती असतानाच गरम राहणाऱ्या डब्यात भर, घट्ट लाव आणि पहिल्या ब्रेकलाच खा. तसला डबा नसेल तर पोळीच ने. आणि नाईट शिफ्ट असेल तेव्हाही हेच.

आणि गावाहून येताना आईकडून शेंगदाण्याची चटणी आणि भाजणी घेऊन ये. भाजणीत कांदा, तिखट, मीठ घालून मळलं की थालीपीठ, ते लाटावं लागत नाही, तव्यावर नाहीतर कढईत थापता येतं, फक्त भांडं बुडाला सपाट हवं नाहीतर इंडक्शन घेणार नाही.

प्रश्न: मुलगी दुसरीत आहे, डबा रोज अर्धा परत आणते. मैत्रिणींच्या डब्यात नूडल्स, वेफर्स असतात म्हणून रडते. अन्न टाकताना जीव जळतो.
— एक आई, नाशिक

उत्तर: आधी तिला विचारा सुट्टी किती मिनिटांची असते आणि डबा तिचा तिला उघडता येतो का. हे दोन प्रश्न विचारल्यावर निम्म्या घरांत उत्तर सापडतं. दुसरीतलं मूल पोळीचा तुकडा तोडून भाजी लावून खायला खूप वेळ घेतं, त्यात गप्पा, हात धुणं, पाणी. तेव्हा तोडावं लागणार नाही असं द्या. पोळीला दाण्याची चटणी आणि थोडं तूप लावून गुंडाळी करून तिचे तीन तुकडे. थालिपीठाचे चार कोपरे. मेथीच्या छोट्या दशम्या. मुगाचं धिरडं, त्यात किसलेलं गाजर. डब्यात जेवढं संपतं तेवढंच द्या, आणि तिचा रिकामा डबा परत आला की मग एक तुकडा वाढवा.

नूडल्सवरून भांडू नका. महिन्यातनं एखादा शनिवार तिचा, ती म्हणेल ते. बाकीच्या दिवशी तिला दोनच पर्याय विचारायचे, उद्या थालीपीठ की धिरडं, आणि ती सांगेल ते करायचं. स्वतः निवडलेलं मुलं खातात, हे मी खूप घरांत पाहिलंय.

प्रश्न: आमच्याकडे ज्वारी घरची आहे, गहू विकत आणावा लागतो. पण ज्वारीची भाकरी दुपारपर्यंत डब्यात कडक होते, म्हणून मालक गव्हाची पोळीच मागतात.
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर: घरची ज्वारी असताना विकतचा गहू कशाला, तुमचं बरोबर आहे. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, तो पाण्याच्या उष्णतेने आणावा लागतो. पाणी उकळून त्यात पीठ घालून झाकून ठेवा, उकड काढतो तशी, मग हाताला सोसेल तेव्हा चांगलं मळा, भाकरी मऊ राहते. पीठ ताजं हवं, जुन्या पिठाची भाकरी चिरतेच. तव्यावरून काढली की लगेच डब्यात कोंबू नका, फडक्यात गुंडाळून वाफ जिरू द्या आणि तशीच फडक्यासकट डब्यात ठेवा. पाण्याऐवजी दूध घालून दशमी केलीत तर ती अजूनच मऊ राहते, प्रवासाला पूर्वीपासून तीच नेतात.

आणि ताई, तुमच्या सोलापूरची कडक भाकरी लोक लांबून येऊन विकत नेतात! घट्ट पिठलं किंवा शेंगाचटणी आणि दही, त्याबरोबर मुद्दाम पातळ करून कडक केलेली भाकरी आठवड्यातनं एक दिवस देऊन बघा, ती कडक होईल ही भीतीच नाही.

प्रश्न: पोळ्या पेपरमध्ये गुंडाळल्या तर चालतात का? फॉइल महाग पडतो.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर: नाही, वर्तमानपत्रात अजिबात नको. छपाईची शाई गरम, तेलकट पोळीला लागते, अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच याबद्दल बजावलं होतं आणि नंतर पॅकिंगच्या नियमांतही वर्तमानपत्राला मनाई केली. फॉइलचीही गरज नाही, आणि लिंबू, टोमॅटो, चिंच असलेलं काही तर फॉइलमध्ये ठेवूच नये, आंबट पदार्थ ॲल्युमिनियमला खातात. जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे हातरुमालाएवढे सात-आठ तुकडे कापून कडा शिवून घ्या. रोज एक वापरायचा, संध्याकाळी साबणाने धुऊन टाकायचा. तुमच्याकडे कोकणात पावसाळ्यात दोन-दोन दिवस कपडे वाळत नाहीत, म्हणून तुकडे जास्तच ठेवा आणि ओलसर फडकं वापरू नका, पोळीला बुरशीचा वास लागतो. डबा स्टीलचाच घ्या, एकदाच पैसे जातात, फक्त घेताना पाणी भरून उलटा धरून बघा. झाकणाची रबरी रिंग सुटी मिळते, ती सैल झाली म्हणून अख्खा डबा बदलू नका.