खोल शेलमध्ये फ्रॅक करण्याआधी दाबाचा आलेख वाचायला शीक

३,५०० मीटरच्या खालच्या शेलवर, म्हणजे गॅस धरून ठेवणाऱ्या घट्ट खडकावर, तू पहिल्यांदाच काम करणार आहेस, म्हणून सांगतो. पंप आणि पाण्याचा हिशेब जमेल हळूहळू, पण दाबाचा आलेख आधी वाचायला शीक. मुख्य फ्रॅकआधी (म्हणजे गॅसला वाट मिळावी म्हणून जोराने पाणी दाबून खडकात भेगा पाडण्याआधी) छोटी चाचणी घेतात: थोडं पाणी दाबून खडक फोडायचा, पंप बंद करायचा आणि दाब कसा उतरतो ते बघत बसायचं. पंप थांबताच दाब झपकन खाली येतो, तो विहिरीच्या नळीतल्या आणि तिला पाडलेल्या छिद्रांतल्या घर्षणाचा भाग. खरी माहिती त्यानंतरच्या संथ उतारात असते. भेग कोणत्या दाबाला मिटते, ते तिथेच कळतं. शेल इतका घट्ट की हा उतार तासन्‌तास, कधी कित्येक दिवस चालतो. कोणी कितीही घाई केली तरी चाचणी अर्धवट गुंडाळू देऊ नकोस.

कारण गॅस निघू लागला की भेग मिटवणारा हाच ताण, ती उघडी राहावी म्हणून पाण्यासोबत भरलेल्या वाळूसारख्या कणांवर येतो. खोलवर साधी वाळू भरडते, तिचा भुगा वाट बुजवतो. म्हणून तिथे सिरॅमिक कणांचा विचार करावाच लागतो, महाग असले तरी. भेगाही अरुंद असतात. सुरुवात ७०/१४० मेशच्या (मेश म्हणजे चाळणीचं माप) बारीक कणांनी आणि कमी प्रमाणात कर, मग टप्प्याटप्प्याने वाढव. पंपाचा दर तोच असताना दाब भराभर चढू लागला, तर वाळू तत्काळ बंद कर आणि नुसतं पाणी चालू ठेव. ‘थोडं बघू या’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस. विहीर वाळूने भरली की ती साफ करण्यात दिवस जातात.

शेजारच्या विहिरीच्या दाबावरही लक्ष ठेव. तो हलला, तर तुझी भेग बहुधा तिकडे पोचली आहे.