मधल्या पदाची फोड

प्रश्न: बाई, माझी मुलगी आठवीत आहे. २क्ष² − ७क्ष + ६ चे अवयव पाडताना ती मधल्या पदाची फोड बरोबर करते, पण पुढं दोन्ही कंस सारखे येत नाहीत आणि रडकुंडीला येते. शिवाय विचारते, "२ ला ६ नं गुणायचंच कशाला?" मला सांगता येत नाही.
– एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: ताई, वही न बघताही चूक सांगते. पंचवीस वर्षं वह्या तपासताना याच जागी माझा लाल पेन थांबायचा. गुणाकार २ × ६ = १२ आणि बेरीज −७ येणारे −४ नि −३ घेऊन मधलं पद फोडलं, २क्ष² − ४क्ष − ३क्ष + ६, इथपर्यंत ठीक. पहिल्या जोडीतून २क्ष(क्ष − २) मिळालं. दुसऱ्या जोडीतून −३ बाहेर काढताना ती −३(क्ष + २) लिहीत असणार, कारण ६ च्या मागं अधिक दिसतं. पण −३ ला +२ नं गुणलं की −६ येतं. आपल्याला +६ हवेत, म्हणून कंसात −२ च.

हे फळ्यावर पटलं नाही की मी पोरांना कपिलतीर्थ मंडईतला हिशेब घालायचे. शंभराची नोट दिली, भाजी ३० ची, मावशींनी ५ कमी केले. परत किती? १०० − (३० − ५). ६५ कुणीच म्हणत नाही, सगळे ७५ म्हणतात. तीस वजा झाले, पाच मात्र परत मिळाले.

तिचा दुसरा प्रश्न मला फार आवडला. तो विचारणारी पोर गणितात मागं राहत नाही. तिला उत्तराकडून उलटं यायला सांगा. (क्ष − २)(२क्ष − ३) गुणताना मधलं पद दोन तुकड्यांचं बनतं. १ × −३ मधून −३, आणि −२ × २ मधून −४. या दोन तुकड्यांच्या गुणाकारात १, −३, −२, २ हे चारही आकडे येतात. टोकाची पदंही याच चौघांची: १ × २ = २ आणि −२ × −३ = ६. म्हणून तुकड्यांचा गुणाकार २ × ६ इतकाच, १२. तुकडे शोधताना आपण याच १२ वरून मागं जातो.

पडताळ्याला क्ष = १ घाला. मूळ राशी १ येते, (−१)(−१) सुद्धा १. आज रात्री तिला ६क्ष² − १३क्ष + ६ द्या, आणि ३६ ची फोड तिचं तिलाच शोधू द्या.