वाचकांचे प्रश्न : छोट्या पवनचक्कीसाठी वारा कसा मोजावा?

प्रश्न : माळावरच्या शेतात एक किलोवॉटची पवनचक्की बसवायची आहे. जूनमध्ये चार दिवस संध्याकाळी गच्चीवर हातातल्या ॲनिमोमीटरने वारा मोजला. सरासरी 7 मीटर प्रति सेकंद आली. ऑर्डर द्यावी का?
– एक वाचक, पाटोदा (जि. बीड)

उत्तर : इतक्यात देऊ नका. जून ते ऑगस्ट हा आपल्याकडे भर वाऱ्याचा काळ. दसरा-दिवाळीच्या सुमारास तोच माळ शांत पडतो. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वर्षाची खरी सरासरी 4 निघाली तर बघा : 7 चा घन 343, 4 चा 64. अपेक्षेच्या पाचव्या हिश्श्याइतकीही वीज नाही. वेग 10 टक्क्यांनी जास्त धरला गेला तरी शक्तीचा अंदाज 33 टक्क्यांनी फुगतो. शिवाय चक्कीवर छापलेला एक किलोवॉट बहुधा 11-12 मीटर प्रति सेकंदाला मिळतो. 12 ला मिळत असेल तर 6 ला साधारण आठवा हिस्सा, म्हणजे 125 वॉट.

गच्चीवरचा आकडा हिशेबात धरूच नका. भिंतीवर आदळलेला वारा कठड्यावरून उसळतो. त्यामुळे एका कोपऱ्यात वेग जास्त दिसतो आणि चार पावलांवर नुसते भोवरे असतात. वारा मोजायचा तो चक्कीच्याच जागी आणि चक्कीच्याच उंचीवर. चक्की 18 मीटरवर बसणार असेल तर 18 मीटरचा जीआय पाइप उभा करा. त्याला चार बाजूंनी ताणाच्या तारा द्या आणि बुडाशी बिजागरी ठेवा, म्हणजे दुरुस्तीसाठी पाइप आडवा करता येईल. तीन वाट्यांचा, कॅलिब्रेशनचा (प्रमाण यंत्राशी पडताळणीचा) दाखला असलेला ॲनिमोमीटर टोकाला बारीक नळीवर बसवा आणि नळी ओळंब्यात आहे का ते पाहा.

दुसरा ॲनिमोमीटर 10 मीटरवर आडव्या दांडीवर लावा. दांडी पाइपाच्या जाडीच्या किमान सहापट हवी : 4 इंची पाइपाला 2 फूट. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा आणि हिवाळ्यात पूर्व-ईशान्येचा असतो. म्हणून दांडी वायव्येला काढा, म्हणजे दोन्ही हंगामांत वाट्या पाइपाच्या आडोशाला येणार नाहीत. वीजरोधक सळईची बाजूही अशीच विचार करून निवडा. वळवाच्या विजा पाइपावर पडतात, त्यामुळे अर्थिंग पाइप उभा करतानाच करून घ्या.

10 मीटर उंच कडुलिंबामागे वारा सुमारे 200 मीटरपर्यंत विस्कटलेला असतो. चक्कीच्या पात्याचे खालचे टोक 150 मीटरच्या परिसरातल्या सर्वांत उंच झाडा-घरापेक्षा निदान 9-10 मीटर वर हवे. शेजारी ऊस असेल तर तो पुरुषभर उंच झाल्यावर वाऱ्याच्या दृष्टीने जमीनच वर सरकते. लावण कधीची आणि तोड कधी झाली, हे नोंदवहीत लिहून ठेवा.

प्रश्न : लॉगरमधली (वेगाच्या नोंदी साठवणाऱ्या यंत्रातली) वर्षाची सरासरी 5 आली. तिचा घन करून काढलेली वीज आणि विक्रेत्याने काढलेली वीज यांत दुपटीचा फरक आहे. खरे काय?
– एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : सरासरीचा घन घ्यायचा नसतो, घनांची सरासरी घ्यायची असते. अर्धा वेळ वारा 2 आणि अर्धा वेळ 8 असेल तर सरासरी 5 आणि तिचा घन 125. पण 8 आणि 512 यांची सरासरी 260. वर्षभरात वाऱ्याच्या वेगांचे नेहमीचे वाटप गृहीत धरले तर घनांची सरासरी ही सरासरीच्या घनाच्या 1.9 पट, म्हणजे गुणक 1.9 च्या आसपास येतो, म्हणून दुपटीचा फरक इथूनच आलेला असू शकतो. तरी गुणकावर थांबू नका. लॉगरने दर एक-दोन सेकंदांनी वेग वाचून 10 मिनिटांची सरासरी, प्रमाण विचलन (वेग सरासरीच्या आसपास किती हेलकावतो ते) आणि कमाल झोत साठवायला हवा. प्रत्येक 10 मिनिटांच्या वेगाला चक्कीच्या पॉवर कर्व्हवर (कोणत्या वेगाला किती वॉट, हे दाखवणाऱ्या आलेखावर) किती वॉट येतात ते पाहून बेरीज करा. पॉवर कर्व्ह बहुधा 1.225 किलो प्रति घनमीटर या हवेच्या घनतेसाठी छापलेला असतो. समुद्रसपाटीपासून 600-650 मीटर उंचीवर 35 अंश तापमानाला घनता 1.06 च्या जवळपास असते, म्हणजे 13 टक्के वजा.

प्रश्न : वर्षभर थांबणे शक्य नाही. नकाशात आमच्या भागात 6.5 दिसतो. तो चालेल का?
– एक वाचक, परंडा (जि. धाराशिव)

उत्तर : आधी नकाशाची उंची पाहा. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचे नकाशे 120 आणि 150 मीटरचे आहेत. 120 मीटरवरचा 6.5 वेग 18 मीटरवर आणताना घातांक (उंचीनुसार वेग किती झपाट्याने वाढतो ते सांगणारा आकडा) 0.20 धरला तर 4.45 येतो, 0.25 धरला तर 4.05. एवढ्याशा फरकाने शक्ती पाव हिश्श्याने घटते. तुमच्या शेताचा घातांक फक्त तुमचे दोन ॲनिमोमीटरच सांगतील.

घाई असेल तर निदान चार महिने मोजा, पण त्यात पावसाळ्याचे दोन आणि दिवाळीनंतरचे दोन असू द्या. त्याच तासांचे ईआरए-5 चे (युरोपीय हवामान केंद्राच्या जगभरच्या हवामान-नोंदींच्या संचाचे) वेग मोफत मिळतात. दोन्हींचे गुणोत्तर काढून ते मागच्या दहा वर्षांना लावा. मात्र नैर्ऋत्येच्या आणि ईशान्येच्या वाऱ्याचे गुणोत्तर वेगळे काढा. दिशा बदलली की आड येणारे झाड आणि टेकडीही बदलते. त्यासाठी वातकुक्कुट (वाऱ्याची दिशा दाखवणारे यंत्र) लागतोच.

प्रश्न : चार महिन्यांनी आकडे कमी येऊ लागले. वारा कमी झाला की यंत्र बिघडले?
– एक वाचक, गेवराई (जि. बीड)

उत्तर : वरच्या आणि खालच्या ॲनिमोमीटरचे गुणोत्तर महिन्यागणिक लिहा, एकाच दिशेच्या वाऱ्यासाठी. वारा घटला तर दोन्ही आकडे घटतात आणि गुणोत्तर फारसे हलत नाही. ते सरकत गेले तर एका बेअरिंगमध्ये धूळ शिरली समजा. मंद वाऱ्यात ते आधी अडखळते. बेअरिंग बदलले की कॅलिब्रेशनही नव्याने करावे लागते. कधी तुटलेली वायरही कारण असते. काही लॉगर फेऱ्या शून्य असतानाही कॅलिब्रेशनचा ऑफसेट (सूत्रात मिळवायचा ठरावीक आकडा) जोडतात. मग दिवसभर 0.3-0.4 असा एकच वेग आणि प्रमाण विचलन शून्य दिसते. अशा नोंदी शांत हवा म्हणून सरासरीत घेऊ नका, रिकाम्या सोडा.