न मोजलेले 14 ड्रम

प्रश्न : मॅडम, मी 21 वर्षांचा आहे, मूळचा इंदापूर तालुक्यातला. नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहतो आणि आठ महिन्यांपासून एका सीए फर्ममध्ये आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठीची उमेदवारी, करतोय. मामांच्या ओळखीने लागलो. दोन महिन्यांपूर्वी भोसरीतल्या एका क्लायंटकडे बँकेसाठी स्टॉक ऑडिट, म्हणजे शिल्लक मालाची तपासणी, होती. साडेसहा वाजले होते, माळ्यावरचा माल मोजायचा राहिला होता. स्टोअरवाला म्हणाला, वर तांब्याच्या तारेचे 14 ड्रम आहेत. मी वर न चढता शीटवर टिक मारली. नंतर सरांनी गेट पासचं रजिस्टर लावून बघितलं तर ते ड्रम आदल्याच दिवशी बाहेर गेलेले. साधारण 9 लाखांचा माल. सर ओरडले नाहीत, पण तेव्हापासून मला एकट्याला कुठेच पाठवत नाहीत आणि माझी प्रत्येक फाईल दुसऱ्या आर्टिकलकडून तपासून घेतात. मी माफी मागितली, रात्री नऊपर्यंत थांबतो, ॲडव्हान्स्ड एक्सेलचा कोर्स करून सर्टिफिकेटही दाखवलं. काही फरक नाही. मामांना यातलं काही माहीत नाही. खरं सांगायचं तर त्याआधीही दोनदा मी असंच केलं होतं, ते सापडलं नाही. फर्म बदलू का? गेलेला विश्वास परत मिळतो का?

उत्तर : 'त्याआधीही दोनदा' हे तू अगदी शेवटी लिहिलंस. मी तिथूनच सुरू करते, कारण बाकी सगळं त्यावर अडलं आहे.

समजा उद्या सरांनी तुला पुन्हा एकट्याला पाठवलं. तुला आनंद होईल, पण किती वेळ? ते दोन प्रकार फाईलींमध्ये बसलेले आहेत हे तुला माहीत आहे. कुणी जुनी फाईल काढायला कपाटाकडे गेलं तरी तुझ्या पोटात गोळा येईल. आणि सरांचंही बघ. 14 ड्रमांचं त्यांना दुःख असेलच, पण इतकी वर्षं ऑडिट करणाऱ्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो, की हे पहिल्यांदाच झालं का. तो त्यांनी तुला विचारला नाही. प्रत्येक फाईल दुसऱ्याकडून तपासून घेतात, त्यातून ते त्याचंच उत्तर शोधताहेत, असं मला वाटतं. ते उत्तर तुझ्याकडे आहे आणि तू ते देत नाहीस. तोवर तू रात्री नऊपर्यंत थांब की अकरापर्यंत, फरक पडणार नाही.

तेव्हा सांगायचं. तोंडी सांगायच्या आधी एका कागदावर लिहून काढ : कोणता क्लायंट, कोणती तारीख, शीटवर काय लिहिलं, प्रत्यक्षात काय बघितलं आणि काय बघितलं नाही. पुढच्या रकान्यात, आता ते पुन्हा तपासता येईल का आणि कसं. दोन्ही प्रकार कशातले हे तू लिहिलेलं नाहीस, पण व्हाउचिंगमधलं, म्हणजे नोंदी बिलांशी ताडून बघण्यातलं, असेल तर व्हाउचर अजून जागेवर असतील, येणेकऱ्यांच्या बॅलन्स कन्फर्मेशनचं, म्हणजे क्लायंटचे पैसे देणं असलेल्यांकडून बाकी कबूल करून घेण्याचं, असेल तर पत्रं पुन्हा पाठवता येतील. त्यातल्या एखाद्या कामावर सरांची सही होऊन गेली असेल, तर ते सगळ्यात आधी सांग. सकाळी क्लायंट यायच्या आत 'सर, दहा मिनिटं हवीत' म्हण, आत जा आणि कागद समोर ठेव. त्या वेळी परीक्षा होती, रूम बदलायची होती, स्टोअरवाला घाई करत होता, यातलं काही सांगू नकोस. कारण खरं असलं तरी त्या क्षणी ते ऐकणाऱ्याला पळवाट वाटतं. त्यांनी विचारलं तर सांग.

ते काय करतील, याची खात्री मी देऊ शकत नाही. चिडतील. कदाचित 'तू दुसरीकडे बघ' म्हणतील. तो धोका खरा आहे आणि मी तो लपवून तुला आत ढकलणार नाही. तरीही जा, असंच माझं म्हणणं आहे.

तू मारलेल्या एका टिकवर किती माणसं उभी आहेत, हे तुला कुणी बसवून समजावलंय का, मला शंका आहे. आठ महिन्यांच्या आर्टिकलला शीट हातात देतात आणि 'जा, मोजून ये' म्हणतात. बँक त्या क्लायंटला कॅश क्रेडिट, म्हणजे मर्यादेपर्यंत लागेल तसं उचलता येणारं कर्ज, देते ते स्टॉकवर. समजा मार्जिन, म्हणजे मालाच्या किमतीतला बँक कर्जासाठी न धरणारा भाग, 25 टक्के आहे. म्हणजे माळ्यावर नसलेल्या 9 लाखांच्या मालावर बँक 6 लाख 75 हजारांची ड्रॉइंग पॉवर, म्हणजे उचल करायची मुभा, धरणार होती. सरांच्या रिपोर्टवर यूडीआयएन, म्हणजे त्या एकाच कागदाचा ओळख क्रमांक, पडतो, 18 अंकाक्षरांचा. त्यातले सहा अंक म्हणजे सरांचा स्वतःचा, सीए संस्थेतला सदस्य क्रमांक. बँकेला वाटलं तर तो नंबर टाकून रिपोर्ट तपासता येतो. तुझ्या नावाचं त्यात एक अक्षर नाही. तू मारलेली टिक त्यांच्या नावावर गेली असती. आणि बँक म्हणजे शेवटी ठेवीदार. पुण्यात हे समजावून सांगावं लागू नये. 1912 साली सुरू झालेल्या रुपी बँकेवर फेब्रुवारी 2013 मध्ये निर्बंध आले आणि सप्टेंबर 2022 मध्ये ती बंद झाली. मधली साडेनऊ वर्षं आपल्याच पैशांसाठी पासबुकं घेऊन खेटे घालणारी म्हातारी माणसं या शहराने बघितली आहेत. त्या बँकेचा आणि तुझ्या ड्रमांचा काही संबंध नाही. पण कुणीतरी न बघता 'बघितलं' म्हणतं, तेव्हा त्याची किंमत कुठल्या टोकाला जाऊन कोण मोजेल, हे म्हणणाऱ्याला कधीच दिसत नाही.

आता एक्सेलच्या सर्टिफिकेटविषयी. ते दाखवताना तुला फार आशा होती, हे पत्रातून जाणवलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. 1995 मध्ये मेयर, डेव्हिस आणि शूरमन या तीन अभ्यासकांनी कामाच्या ठिकाणच्या विश्वासाची मांडणी केली. समोरच्यावर विसंबताना आपण तीन गोष्टी बघतो, असं त्यांनी म्हटलं : त्याला काम येतं का, त्याला आपलं बरं व्हावं असं वाटतं का, आणि तो सचोटीने वागतो का. मी ही मांडणी समुपदेशनात नेहमी वापरते, कारण विश्वास नेमका कुठे मोडलाय ते कळतं. तुला मोजता येत नाही, असं सरांना कधीच वाटलं नव्हतं. मोडली ती तिसरी गोष्ट, आणि तू डागडुजी करतोयस पहिलीची. कोर्स वाया गेला असं नाही, पुढे उपयोगी पडेल. फक्त सरांच्या शंकेला ते उत्तर नव्हतं.

मी समुपदेशनात येण्याआधी पिंपरी-चिंचवड भागातल्या एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात होते. तिथे स्टोअरला एक गृहस्थ होते, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. शिक्षण बेताचं, इंग्रजी यायचं नाही. त्यांच्या रजिस्टरला डाव्या बाजूला समास सोडलेला असायचा आणि त्या समासात लाल पेन्सिलीने अधूनमधून दोन शब्द लिहिलेले असायचे : 'मोजले नाही'. कधी 'पेटी फोडली नाही, लेबलवरून'. कधी 'उद्या बघतो', आणि दुसऱ्या दिवशीच्या तारखेने पुढे आकडा. नवीन मॅनेजर आले तेव्हा त्यांना हे गबाळेपण वाटलं, रजिस्टर कोरं हवं म्हणून ते भाऊंवर चिडले. पण ऑडिटर यायचे तेव्हा ते आधी भाऊंचं रजिस्टर मागायचे. लाल पेन्सिल असलेल्या ओळी स्वतः मोजायचे, उरलेल्यांतल्या चार-दोन नमुन्याला बघायचे आणि पुढे जायचे. मी ते रजिस्टर हातात धरून बघितलं आहे. पानात एक-दोन ठिकाणी लाल खूण असली, की बाकीच्या ओळी वाचताना मन निश्चिंत व्हायचं.

तुझ्या शीटवर सगळ्याच टिका. भोसरीत त्या संध्याकाळी तू '14 ड्रम, माळ्यावर, बघितले नाहीत, स्टोअरच्या सांगण्यावरून' एवढं लिहून आणलं असतंस, तर सरांनी दुसऱ्या दिवशी कुणाला तरी वर चढवलं असतं आणि गोष्ट तिथे संपली असती. मग लिहिलं का नाहीस? माझा अंदाज सांगते. काम अर्धवट राहिलं म्हटलं तर आपण ढिले ठरू, मामांच्या ओळखीने आलेला पोरगा असाच, असं सर म्हणतील, ही भीती. म्हणजे सरांच्या नजरेत चांगलं राहण्यासाठीच तू ती टिक मारलीस. माझ्याकडे येणाऱ्या खूप मुलामुलींचं असंच झालेलं असतं, त्यात वाईट हेतू क्वचितच असतो. म्हणून तुझ्याबद्दल मला आशा वाटते.

आजपासून तुझ्या प्रत्येक वर्किंग पेपरवर, म्हणजे तपासणीच्या नोंदींच्या कागदावर, लाल पेन्सिल असू दे. जे बघितलं त्यालाच टिक, बाकीच्यापुढे शब्दांत लिही. आणि अडचण वेळेत सांग. जीएसटीचा 3बी, म्हणजे दरमहाचं विवरणपत्र, पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरायचा असतो, क्लायंटची खरेदीची बिलं आली नाहीत हे सरांना 16 ला कळलं तर ते फोन करू शकतात, 20 च्या संध्याकाळी कळलं तर फक्त डोकं धरू शकतात. बातमी तीच. दुसरा आर्टिकल तुझी फाईल तपासतो, त्याच्यावर राग धरू नकोस. उलट फाईल देताना 'पान सातवरचा फरक मला जुळला नाही' असं तूच आधी सांग. सरांना 'अजून किती दिवस?' असं विचारू नकोस. ती मुदत ठरवणं त्यांच्या हातात आहे, तुझ्या नाही. त्यांना किती लागेल, सहा महिने की जास्त, मलाही सांगता येणार नाही. आधी ते तुला एखाद्या छोट्या कामाला पाठवतील, पेटी कॅश, म्हणजे किरकोळ खर्चाची रोकड, मोजायला वगैरे. त्यात कमीपणा मानू नकोस.

बाहेरही थोडं लक्ष ठेव. रूमवर गादीवर पडल्या पडल्या 'अलका चौकात पोचलोय' म्हणणं, मेसचे पैसे 'उद्या नक्की' म्हणणं, ही पुण्यातल्या पेठांमध्ये राहणाऱ्या मुलांची रोजची भाषा आहे, आणि कुणाचं त्यात नुकसान होत नाही असं सगळे धरून चालतात. तोंडाला लागलेली सवय ऑफिसच्या दारात थांबत नाही, हे मी वारंवार बघितलंय. 'अजून निघालो नाही, वीस मिनिटं लागतील' हे वाक्य म्हणून बघ. पहिल्यांदा फार जड जातं.

फर्म बदलायचा विचार तूर्त बाजूला ठेव. नियमात बसत असलं तरी नव्या जागी तू जाशील तो हाच, आणि पुढे नोकरीच्या वेळी कुणी तुझ्या आधीच्या सरांना फोन केला, तर ते काय सांगतील याची धास्ती सोबत घेऊन. सर स्वतःहून जा म्हणाले तर गोष्ट वेगळी, तेव्हा पुन्हा लिही, आपण बघू.

राहिले मामा. त्यांनी तुझ्यासाठी सरांकडे शब्द टाकला. आपल्याकडे माणूस दुसऱ्यासाठी शब्द टाकतो, तेव्हा स्वतःची पत गहाण ठेवतो. पुढे कुठल्या लग्नात सर आणि मामा समोरासमोर आले आणि मामांना हे तिथे कळलं, तर त्यांची मान खाली जाईल आणि तू तिथे नसशील. त्यामुळे सरांशी बोलून झालं की त्याच दिवशी मामांना फोन कर. आधी नको, नाहीतर मामा सरांना फोन करून 'पोरगं आहे, सांभाळून घ्या' म्हणतील आणि तुझं बोलणं व्हायच्या आतच त्यावर वशिल्याचं पांघरूण पडेल. फोनवर सुरुवात ड्रमांपासून कर, मग ते दोन प्रकार, मग सर काय म्हणाले ते. ते रागावले तर ऐकून घे, फोन ठेवू नकोस. आईला मामांकडून कळण्याआधी तूच सांग.

कागद आज रात्रीच लिहायला घे. दोन्ही प्रकारांच्या तारखा आठवत नसतील तर अंदाजाने लिहू नकोस, तिथे 'तारीख नक्की आठवत नाही' असं लिही.