वाचकांचे प्रश्न : क्लच कव्हर रंगवताना

प्रश्न : माझ्या 100 सीसीच्या चार-स्ट्रोक गाडीच्या उजव्या इंजिन कव्हरचा रंग पापुद्रे सुटून निघतो आहे. इंजिन ठणठणीत आहे. कव्हर घरी काढून रंगवता येईल का? (सातारा)

उत्तर : येईल. मात्र बोल्टला हात लावण्याआधी कव्हरचे नवे पॅकिंग आणि किकच्या शाफ्टचे ऑइल सील आणून ठेवा. जुने कागदी पॅकिंग निघताना बहुधा फाटतेच, आणि रविवारी दुपारी ते कुठे मिळत नाही.

या बाजूला क्लच ऑइलमध्येच फिरतो, म्हणून इंजिन थोडे कोमट करून आधी ऑइल उतरवा. मग फूटरेस्टची दांडी, ब्रेक पेडल, क्लच केबल आणि किक सोडवा. किकचा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही. तो शाफ्टच्या खाचेत अडकलेला असतो, पूर्ण काढला तरच किक सरकते.

कव्हरचे बोल्ट 6 मिमीचे असतात, त्यांना आठचा टी-पाना लागतो. त्यांची लांबी सारखी नसते. पुठ्ठ्यावर कव्हरची आकृती काढा, भोके पाडा आणि निघालेला प्रत्येक बोल्ट त्याच्याच भोकात खोचा. लांब बोल्ट आखूड भोकात घातला तर तो तळाला टेकतो, पॅकिंग दाबले जात नाही आणि जोर केला की केसिंगला तडा जातो. आखूड बोल्ट लांब भोकात गेला तर दोन-तीन आट्यांवरच तोलला जातो आणि ॲल्युमिनियमचे आटे ओढून काढतो. आरएक्स 100 सारख्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांना फुलीचे स्क्रू असतात. ते इम्पॅक्ट ड्रायव्हरने (हातोडीच्या ठोक्यासरशी फिरणाऱ्या) सोडवा, साध्या स्क्रू ड्रायव्हरने फुली गोल होते.

कव्हर चिकटले असेल तर रबरी हातोडीने कडेकडेने ठोका. सांध्यात स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. केसाएवढी रेघ पडली तरी पुढे तिथूनच ऑइल पाझरते. कव्हर सुटताना किकच्या शाफ्टवरचा वॉशर ऑइलने आतल्या बाजूला चिकटून येऊ शकतो, तो सांभाळा. कव्हर नेमक्या जागी बसवणाऱ्या दोन पोकळ डॉवेल पिनाही मोजून ठेवा.

रंगकामात वाळूचा मारा टाळा. अनेक इंजिनांत क्रँककडे जाणारी ऑइलची वाट याच कव्हरातून जाते. तिथे अडकलेला एक कण बेअरिंगपर्यंत पोचतो. पेंट रिमूव्हरने जुना रंग उतरवा, 120, 240 आणि 400 नंबरच्या पेपरने घासा, डिझेलने धुवा आणि शेवटी थिनरने पुसा. पॅकिंगची कड, सीलची जागा आणि बोल्टचे डोके जिथे टेकते ती चकती टेपने झाका आणि मग रंग मारा (प्रायमर आणि रंग कोणता, ते पुढच्या उत्तरात). चकतीवर रंगाचा जाड थर राहिला तर तो गरम होऊन दबतो आणि घट्ट केलेला बोल्ट महिनाभरात सैल होतो.

बसवताना दोन्ही कडा प्लॅस्टिकच्या पट्टीने साफ करा, पिना घाला, पॅकिंग कोरडेच लावा. सिलिकॉन थापू नका. आत पिळून निघालेले त्याचे तुकडे सुटून ऑइलच्या जाळीवर जाऊन बसतात. शाफ्टच्या दात्यांवर पातळ टेप गुंडाळून ऑइलचे बोट फिरवा, म्हणजे नव्या सीलची आतली रबरी कड फाटणार नाही. आता बोल्ट भोकांत नुसते ठेवा : सगळी डोकी कव्हरपासून सारखीच वर दिसली पाहिजेत. एखादे उंच किंवा खोल दिसले तर अदलाबदल झालेली आहे. आधी सगळे हाताने, मग समोरासमोरचे असे दोन-तीन फेऱ्यांत सुमारे 10 न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. ऑइल भरा आणि क्लच लिव्हरच्या टोकाला 10 ते 20 मिमी मोकळी चाल ठेवा.

प्रश्न : स्प्रे-कॅनने रंगवलेले कव्हर पेट्रोल सांडताच चिकट झाले आणि रंग सोलून आला. (लातूर)

उत्तर : दोन वेगळ्या चुका आहेत. साधा कॅनचा रंग पेट्रोलला टिकत नाही. हार्डनर घालून मारायचा दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग घ्या. आणि सोलला म्हणजे प्रायमर चुकला. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर लगेच धरतो, त्यावर साधा प्रायमर पकड घेत नाही, एच (etch) प्रायमरच, म्हणजे धातू किंचित खाऊन पकड घेणारा प्रायमरच लागतो. खड्डे बुजवायची लांबी (पुट्टी) अजिबात भरू नका, गरमीने ती फुगून सुटते. पावडर कोटिंग सर्वांत टिकाऊ, पण ते 180 ते 200 अंशांच्या भट्टीत होते. कव्हर देण्याआधी सील आणि ऑइल पाहण्याची काच काढून घ्या.

प्रश्न : डावे, मॅग्नेटोचे (वीज तयार करणाऱ्या भागाचे) कव्हर ओढूनही निघत नाही. सगळे बोल्ट काढले आहेत. (पणजी)

उत्तर : काही इंजिनांत कॉइल या कव्हरच्या आतच बसवलेल्या असतात आणि फिरत्या चुंबकाची ओढ कव्हर धरून ठेवते. सरळ बाहेर ओढा, तिरके नको. बसवताना हेच चुंबक कव्हर एकदम खेचून घेते, बोटे कडेच्या बाहेर ठेवा. वायर जिथून बाहेर येते तिथला रबरी ग्रोमेट (बूच) त्याच्या खाचेत नीट बसला नाही तर पहिल्याच पावसात पाणी शिरते.