प्रस्थापित सागरी सत्ता नव्या प्रतिस्पर्ध्याकडे कशी पाहते?

आधी ती त्याला प्रतिस्पर्धी मानायचेच नाकारते. पोर्तुगीज 'कार्ताझ' नावाचे परवाने देत आणि परवाना नसलेली जहाजे पकडत. कान्होजी आंग्र्यांनी कोकण किनाऱ्यावर तशीच दस्तके सक्तीची करताच मुंबईकर इंग्रजांच्या लेखी ते मात्र 'चाचे' ठरले. शिव्यांनी भागेना, तेव्हा १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला झाला, तो फसला. १७२१ मध्ये तर एरवी एकमेकांना पाण्यात पाहणारे इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यावर चालून गेले, तरीही हात हलवत परतले. शेवटी तोफांपेक्षा आपली भाऊबंदकीच त्यांना अधिक उपयोगी पडली, असे मला वाटते: पेशव्यांशी हातमिळवणी करून इंग्रजांनी १७५६ मध्ये विजयदुर्ग गाठला आणि एका जहाजावर पडलेल्या गोळ्याची आग पसरून कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांचे दाटीने नांगरलेले आरमार बंदरातच जळाले.