डिलिव्हरीला लागणाऱ्या नव्या भावाला

भावा, सांगलीत बॅग पाठीला लावायच्या आधी ई-श्रमवर, म्हंजे असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर, नोंदणी कर. आधार आणि त्याला जोडलेला मोबाईल लागतो, 12 अंकी नंबर मिळतो. 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालीय. कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम आपल्यासारख्यांच्या सुरक्षेसाठी द्यायची, असं त्यात आहे. तरी ॲपवर आपण ‘पार्टनर’च, त्यामुळं पीएफ, पगारी रजा धरून चालू नकोस.

विम्याचं मात्र नीट ऐक. गेल्या पावसाळ्यात विश्रामबागेत माझी गाडी घसरली. मनगट टम्म सुजलं, तरी रेटिंग पडंल म्हणून आधी पार्सल पोचवलं, ॲपवर काही कळवलं नाही. दुसऱ्या दिवशी विमा मागितला तर ‘ऑर्डर चालू असताना नोंद नाही’ म्हणून कंपनीनं हात वर केले. पंधरा दिवस घरी बसलो, पोरीची फी थकली. तू पडलास तर तिथंच फोटो काढ, मदतीचं बटण दाब, ऑर्डर नंबरचा स्क्रीनशॉट घे. दवाखान्याची प्रत्येक पावती जप.

गाडीचा विमा घरगुती वापराचा असंल तर एजंटला डिलिव्हरीचं काम स्पष्ट सांग.

आणि कृष्णेचं पाणी चढायला लागलं की सरळ लॉगआउट हो. इन्सेंटिव्हपायी पाण्यात गाडी घालू नकोस रे.